तिसरें छिद्र

ज्या वस्तूंवरून आपली दृष्टि रोज फिरते, पण ज्या आपणांस कधींच दिसत नाहींत, अशा घरगुती वस्तूंची कोणी यादी करूं म्हणेल तर तींत भिंतीवरील विजेच्या सॉकेटला बरेंच वरचें स्थान द्यावें लागेल. देव्हाऱ्यांतील समई विझली तर घरांतील एखाद्या तरी माणसाच्या तें ध्यानांत येतें. दारांतील तुळस सुकली तर शेजारीणसुद्धां विचारते. परंतु ज्या तीन भोकांच्या चौकोनी तुकड्यावर आज आपलें धुणें, वाटणें, इस्त्री, थंड पाणी आणि ऊन पाणी, इतकेंच काय पण दूर देशीं राहणाऱ्या मुलांचा आवाजहि अवलंबून आहे, त्याच्याकडे तो जळून काळा पडेपर्यंत कोणी वळून पाहत नाहीं. आम्हीहि या नियमाला अपवाद नव्हतों. किंबहुना आमचा अपराध अधिक मोठा. कारण महाविद्यालयांत आम्हीं पदार्थविज्ञानाचा अभ्यास केला होता, ओहमच्या नियमावर उत्तम गुण मिळविले होते, आणि विजेविषयीं आपणांस कळतें असा शांत समज बाळगून पन्नाशी ओलांडली होती. अडाणी माणसाचें अज्ञान चार जणांना विचारून तरी पुढें जातें; सुशिक्षिताचें अज्ञान कोणालाच विचारीत नाहीं. आमच्या त्या अज्ञानाची किंमत दुसऱ्याच एका व्यक्तीला द्यावी लागली, म्हणून हा लेख.

आमचें घर पुण्याच्या एका जुन्या पेठेंत आहे. १९६१ सालच्या पानशेतच्या पुरानंतर आमच्या वडिलांनीं पडका वाडा उतरवून तेथें साधें दुमजली घर बांधलें, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणें भिंतींवर सागवानी पट्ट्या ठोकून त्यांवरून विजेच्या तारा नेल्या. प्रत्येक खोलींत एक दिवा, माजघरांत एक पंखा आणि बैठकींत रेडिओसाठीं दोन भोकांचें एक काळें सॉकेट, एवढाच त्यांचा विजेचा संसार होता. आणि त्या संसाराला दोन तारा पुरत असत.

दोनच तारा कां, हें समजण्यासाठीं विजेचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. पाणी नळांतून आलें, वापरलें, मोरींतून वाहून गेलें, कीं त्याचा आपला संबंध संपला. वीज मात्र माहेरवाशिणीसारखी आहे; ती येते तीच परत जाण्यासाठीं. परतीची वाट मोकळी नसेल तर ती उंबरठाहि ओलांडीत नाहीं. म्हणून एक तार तिला घेऊन येते, तिला वायरमन लोक फेज म्हणतात. दुसरी तिला परत नेते, ती न्यूट्रल. खरें पाहतां हा प्रवाह एका सेकंदांत ५० हेलकावे खातो. पण फेरा पुरा झाला पाहिजे, हा कायदा त्यालाहि सुटत नाहीं. या दोन तारांच्या मध्यें दिवा, पंखा, इस्त्री हीं सर्व शिडीच्या पायऱ्यांसारखीं आडवीं जोडलेलीं असतात. त्यामुळें प्रत्येकाला सारखाच २३० व्होल्टचा दाब मिळतो, आणि एक पायरी मोडली तरी बाकीच्या शाबूत राहतात. दिवाळींतील जुनी दिव्यांची माळ याच्या उलट, एकापुढें एक अशी ओवलेली असे. तींतला एक दिवा गेला कीं सबंध माळ अंधारांत जाई, आणि नेमका रुसलेला दिवा शोधण्यांत मुलांची अर्धी संध्याकाळ सरे. बटणाचें काम एवढेंच कीं, येण्याच्या वाटेवर, म्हणजे फेजवर, दार लावून घ्यावें. तें चुकून परतीच्या वाटेवर बसविलें तर दिवा विझतो खरा, पण होल्डरांत वीज जागीच राहते. आणि दिवा बदलावयास हात घालणाऱ्याला हें उशिरां कळतें.

प्रवाह किती वाहतो याचा हिशेबहि घरगुतीच आहे. यंत्राच्या पाठीवर लिहिलेल्या वॉटच्या आंकड्याला २३० नें भागावें, म्हणजे अँपियर निघतात. १००० वॉटच्या इस्त्रीला साडेचार अँपियरहून थोडा कमी प्रवाह लागतो. २००० वॉटच्या गीझरला पावणेनऊच्या आसपास. म्हणूनच भिंतीवर दोन मापांचीं सॉकेटें असतात, एक ६ अँपियरचें व एक १६ चें; जुनीं माणसें त्यांना अजून ५ चें आणि १५ चें म्हणतात. लहानाच्या गळ्यांत मोठ्याचें ओझें बांधलें कीं तार तापते, तिचें आवरण मऊ पडतें, आणि एके दिवशीं भिंतींतून जळकट वास येऊं लागतो. हें सारें आम्हांस ठाऊक होतें. ठाऊक नव्हती ती फक्त तिसऱ्या छिद्राची गोष्ट.

या सॉकेटच्या माथ्यावर जें एक मोठें भोक असतें त्याचें कूळ विलायती आहे. गोल पिनांच्या या प्लगचें मानक ब्रिटनमध्यें १९३४ सालीं प्रसिद्ध झालें, आणि राज्यकर्त्यांच्या इतर अनेक वस्तूंप्रमाणें तो प्लगहि इकडे आला. मौज अशी कीं, ज्या १९४७ सालीं इंग्रजांनीं हा देश सोडला त्याच सालीं त्यांनीं स्वतःच्या घरांसाठीं चपट्या पिनांच्या एका नव्या प्लगचें मानक काढलें. आपण मात्र त्यांचा जुना प्लग, थोडेबहुत फेरफार करून, आजतागायत सांभाळला आहे. त्यांतील वरची पिन इतर दोहोंपेक्षां जाड आणि लांब असते. ती लांब असण्यांत हेतु आहे : प्लग आंत जातांना तिनें सर्वांआधीं आपल्या जागीं पोंचावें, आणि बाहेर येतांना सर्वांच्या शेवटीं निघावें. सर्वांआधीं उठणाऱ्या आणि सर्वांच्या शेवटीं निजणाऱ्या घरांतील आईसारखीच तिची रीत. आणि तिच्या कामाची दखलहि तितकीच कमी घेतली जाते.

आमच्या घरीं कपडे धुण्याचें यंत्र आलें तेव्हां त्याच्या प्लगला अशा तीन पिना होत्या आणि मोरीच्या बाहेरील सॉकेटला दोनच भोकें होतीं. वायरमनला बोलावलें. तो तरुण पोरगा भिंतीकडे पाहून म्हणाला, "साहेब, तिसरी तार खालून मीटरपासून आणावी लागेल. अंगणांत अर्थिंगचा खड्डाही घ्यावा लागेल. भिंत थोडी फोडावी लागेल." आमच्या मुलीचें लग्न नुकतेंच झालें होतें, त्या निमित्तानें भिंतींना नवा रंग दिला होता, आणि त्या रंगावर छिन्नी चालविण्याची कल्पनाच आम्हांस असह्य वाटली. आम्ही म्हणालों, "सध्यां नुसतें तीन भोकांचें सॉकेट बसवून दे. तिसरी तार मागाहून पाहूं." तो म्हणाला, "चालेल साहेब, पण बरोबर नाही." या वाक्याचा पूर्वार्ध आम्हीं ऐकला. प्लग बसला, यंत्र फिरूं लागलें. बाहेरून पाहणाऱ्यास तीन भोकें दिसत होतीं. तिसऱ्याच्या मागें कांहींच नव्हतें. एखाद्या पेढीची पाटी रंगवून टांगावी आणि आंत तिजोरीच ठेवूं नये, असा तो व्यवहार होता.

यानंतर बरीच वर्षें गेलीं. आमच्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या मावशी अकरा वर्षें येत आहेत. एका आषाढांत, पाऊस चार दिवस उघडला नव्हता तेव्हां, त्या आमच्या खोलीच्या दाराशीं येऊन म्हणाल्या, "दादा, मशीन चावतंय बघा." आम्ही उठलों. पायांत रबरी चपला होत्या. हात पंचाला कोरडे केले, आणि यंत्राच्या पत्र्यावर सबंध पंजा ठेवला. कांहीं नाहीं. पुन्हां ठेवला. कांहीं नाहीं. आम्हीं हंसून सांगितलें, "मावशी, अहो, कुठें चावतें? थंड पत्र्यानें शिरशिरी आली असेल." त्याहि हंसल्या. पण त्या दिवसापासून यंत्राला हात लावण्यापूर्वीं त्या पदरानें बटण बंद करूं लागल्या, हें आमच्या घरांतील मंडळींनीं पाहिलें आणि आम्हांस सांगितलें, "कोणाला तरी दाखवून घ्या एकदां." आम्ही म्हणालों, "रविवारीं बोलावतों." असे चार रविवार गेले. आमच्या टेबलाच्या खणांत एक टेस्टरहि पडलेला होता. तो काढून त्या पत्र्याला टेकविण्यास एक मिनिटहि लागलें नसतें.

पांचव्या आठवड्यांत, मंगळवारीं सकाळीं, मोरींतून बादली आपटल्याचा आवाज आला आणि त्यामागून आईची हांक. आईचें वय ब्याऐंशी. तिनेंच प्रसंगावधान ठेवून आधीं भिंतीवरील बटण बंद केलें होतें. मावशी ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, चेहरा पांढराफटक, उजवा हात मांडीवर निर्जीवासारखा. यंत्रांतून कपडे काढतांना मनगटाची मागची बाजू पत्र्याला लागली होती आणि त्या मागें फेकल्या गेल्या होत्या. बऱ्याच वेळानें त्या एवढेंच म्हणाल्या, "मी म्हणत होते ना, दादा." या शब्दांत राग असता तर बरें झालें असतें.

डॉक्टरांनीं हृदयाचा आलेख काढला, तो ठीक निघाला. तरी एक रात्र त्यांना रुग्णालयांत ठेवून घेतलें. संध्याकाळीं त्यांचा मुलगा कामावरून परस्पर तेथें आला. तो कोणावर रागावला नाहीं. त्यानें फक्त विचारलें, "मशीन खराब होतं का, साहेब?" आम्ही "हो" म्हणालों. यंत्राहून आमची भिंत अधिक खराब होती आणि ती आम्ही जाणूनबुजून तशी ठेविली होती, हें खरें उत्तर त्या वेळीं ओठांवर आलें नाहीं. तें आज येथें लिहीत आहों.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं ओळखीच्या एका वृद्ध वायरमनला बोलावलें. ते मोरींत आले, यंत्राकडे पाहिलें आणि पहिला प्रश्न विचारला तो असा : "त्यांच्या पायांत काय होतं?" आम्ही म्हणालों, "कांहीं नाहीं, मोरींत कोण चपला घालतो?" मग त्यांनीं आमच्या पायांकडे पाहिलें. आमच्या पायांत चपला होत्या. ते कांहीं बोलले नाहींत. आणि महाविद्यालयांत पाठ केलेला ओहमचा नियम त्या क्षणीं आम्हांस प्रथम कळला.

दाब भागिले रोध म्हणजे प्रवाह, हा तो नियम. दाब आमच्यासाठीं आणि मावशींसाठीं एकच होता, २३० व्होल्ट. निराळा होता तो रोध. कोरड्या कातडीचा रोध दहा-दहा हजार ओहमांच्या पटींत असतो. त्यांत पायाखालीं रबर असलें म्हणजे विजेची जमिनीकडे जाणारी वाटच जवळजवळ बंद होते. ओल्या कातडीच्या, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या शरीराचा रोध मात्र हजार ओहमांच्या आसपास उतरूं शकतो. भागाकार ज्यानें त्यानें करावा : २३० मिलिअँपियर, म्हणजे पाव अँपियरहूनहि कमी. एका लहानशा दिव्याला पुरणारा एवढा प्रवाह काळजाची लय बिघडविण्यास पुरेसा आहे. अमेरिकेंत बर्कली येथें प्राध्यापक चार्ल्स डाल्झील यांनीं स्वयंसेवकांवर प्रयोग करून असें दाखविलें होतें कीं, मुठींत धरलेली तार स्वतःच्या इच्छेनें सोडतां येण्याची मर्यादा पुरुषांत सरासरीनें १६ मिलिअँपियर आणि स्त्रियांत १०.५ च्या सुमारास असते. त्यापुढें स्नायु आवळतात आणि हात सुटत नाहीं. मावशींचा पंजा पत्र्यावर असता तर बोटांनीं कड घट्ट धरली असती. मनगटाची मागची बाजू लागली, म्हणून त्या दूर फेकल्या गेल्या. आमच्या घरची अब्रू मनगटाच्या त्या मागच्या बाजूनें राखली.

वायरमननें टेस्टर पत्र्याला टेकविला. आंतला इवलासा दिवा लालसर पेटला. यंत्राच्या नित्याच्या थरथरण्यानें आंतील एका तारेचें आवरण पत्र्याच्या कडेवर घासून झिजलें होतें. पहिल्यानें ओलाव्यांतून थोडी थोडी वीज पाझरत होती, म्हणून नुसतें "चावत" होतें. पुढें तांबें पत्र्यालाच भिडलें. आम्हीं विचारलें, "मग फ्यूज कां गेला नाहीं?" त्यांनीं मेनवरचा चिनी मातीचा फ्यूज उपसून आमच्या हातांत दिला. त्यांत फ्यूजची बारीक तार नव्हती. दोन वर्षांपूर्वीं तो वारंवार जातो म्हणून वैतागून आम्हींच पिळून बसविलेले तांब्याच्या तारेचे तीन पदर होते. ते म्हणाले, "साहेब, हा फ्यूज नव्हे, ही नुसती वायर आहे. फ्यूज जातो तेव्हां तो कांहीतरी सांगत असतो. तुम्ही त्याचं तोंडच बंद केलंत."

पुढें त्यांनीं जें सांगितलें तें प्रत्येक गृहस्थानें कानांत सांठवून ठेवावें असें आहे. फ्यूज असो कीं त्याच्या जागीं आलेला एम.सी.बी. असो, तो मनुष्याचा रक्षक नव्हेच. तो तारांचा रक्षक आहे. कित्येक अँपियर वाहूं लागले म्हणजे तो जागा होतो. माणसाच्या शरीरांतून जाणारा पाव अँपियर त्याच्या हिशेबींहि नसतो. माणसाचें रक्षण तिसरी तार करते. यंत्राच्या पत्र्याला ती हिरवी तार जोडलेली असली, आणि तिचें दुसरें टोक जमिनींत घट्ट पुरलेलें असलें, म्हणजे पत्र्यावर भटकून आलेल्या विजेला माणसाच्या अंगापेक्षां कितीतरी सोपी वाट मिळते. त्या वाटेनें ती एकदम लोंढ्यासारखी धांवते, आणि त्या लोंढ्यानेंच फ्यूज वितळून सबंध मार्ग बंद पडतो. म्हणजे तिसरी तार ओरडते आणि फ्यूज धांवून येतो, अशी ही दोघांची जोडी आहे. आमच्या घरीं ओरडणारा नव्हता, आणि धांवून येणाऱ्याचे पाय आम्हीं बांधून ठेविले होते.

त्या आठवड्यांत भिंत फुटली. अंगणाच्या कोपऱ्यांत खड्डा खणून, कोळसा व मीठ यांच्या थरांत जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ उभा पुरला. उन्हाळ्यांत त्यांत पाणी घालावयाचें, म्हणजे माती कोरडी पडत नाहीं. तेथून हिरवी तार प्रत्येक सॉकेटपर्यंत आली. जुने फ्यूज गेले, आणि मेनजवळ एक नवें उपकरण बसलें. वायरमन लोक त्याला अजून ई.एल.सी.बी. म्हणतात, हल्लीं त्यावर आर.सी.सी.बी. अशीं अक्षरें असतात. हें एखाद्या कसलेल्या कारकुनासारखें असतें. फेजनें किती गेलें आणि न्यूट्रलनें किती परत आलें, एवढाच जमाखर्च तें अखंड मांडीत बसतें. ३० मिलिअँपियरची तूट आली, म्हणजे कोठेंतरी वीज भलत्या वाटेनें, कदाचित् कोणाच्या अंगांतून, जमिनींत चालली आहे असें समजून तें डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत दार लावून घेतें. या सर्वांचा खर्च आम्हीं मागाहून जुळवून पाहिला. ज्या रंगाला जपण्यासाठीं आम्हीं तिसरी तार नाकारली होती, त्या रंगाच्या खर्चाहून तो कमी भरला.

परंतु या लेखाचें कारण खर्च नव्हे. आमच्या मनांतून जात नाहीं तें हें कीं, आम्ही खोटें बोललों नव्हतों. पत्र्याला हात लावला तेव्हां आम्हांस खरोखरच कांहीं झालें नव्हतें. आमचा अनुभव खरा होता. फक्त तो चपला घातलेल्या माणसाचा अनुभव होता, आणि त्याच्या बळावर आम्हीं अनवाणी माणसाचा अनुभव खोटा ठरविला. आपल्या मध्यमवर्गीय घरांत ओल्या फरशीवर अनवाणी कोण उभें असतें याचा विचार करावा. धुणें-भांडीं करणारी बाई असते, ओट्यापाशीं घरची गृहिणी असते, न्हाऊन बाहेर आलेलें मूल असतें. आणि सॉकेटला किती तारा असाव्यात, हें ठरविणारा गृहस्थ बहुधा बैठकींत, कोरड्या जागीं, खुर्चीवर बसलेला असतो.

म्हणून वाचकांस आमची विनंति एवढीच. आपल्या घरांतील तिसऱ्या छिद्राच्या मागें तार आहे कीं नाहीं, हें एकदां जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावें; नुसतें भोक दिसतें यावर विश्वासूं नये. दोन पिनांचा प्लग बसत नाहीं म्हणून त्या छिद्रांत काडी किंवा पेनाचें टोक खुपसून आंतला पडदा उघडण्याची जी युक्ति घरोघरीं चालते, ती मुलांसमोर तरी करूं नये. आणि कोणी "चावतें" म्हणालें, तर आधीं बटण बंद करावें, मग वाद घालावा.

मावशी चौथ्या दिवशीं कामावर आल्या. त्यांनीं नवी हिरवी तार पाहिली, पण तिच्याविषयीं कांहीं विचारलें नाहीं. नव्या उपकरणावर मात्र टी अक्षराचें एक लहान बटण आहे. महिन्यांतून एकदां तें दाबून पाहावयाचें असतें, म्हणजे कारकून जागा आहे कीं निजला हें कळतें. सबंध घर क्षणभर बंद पडतें, आणि खटका वर केला कीं पुन्हां चालू होतें. आम्हीं त्यासाठीं एक तारीख धरली आहे, मावशींच्या पगाराचा दिवस. हातांत पैसे ठेवतांना त्या ते मोजीत नाहींत, पण घेण्यापूर्वीं एकदां मेनकडे पाहून विचारतात, "दादा, बटण दाबलंत का?" अजून एकदांहि आम्हांस "राहिलें" असें म्हणावें लागलेलें नाहीं.